वाळूचा गुण

माझ्या उजव्या अंगठ्यावर पहिला पांढरा ठिपका उठला तेव्हा माझ्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. तिळाएवढा होता. पोळा जवळ आला होता, आम्ही भिंतींना चुना देत होतो, म्हणून मला वाटलं चुनाच लागला असेल. दोनदा धुतला. तिसऱ्यांदा घासला. मग सासूबाईंनी माझा हात धरून उजेडात नेला, निरखून पाहिला आणि सोडून दिला. नंतर त्या मोरीवर गेल्या आणि त्यांनी स्वतःचे हात राखेनं धुतले.

वर्षभरात ठिपके बोटांवर पसरले, पायांवर आले, कानाखाली मानेवर एक तळहाताएवढा डाग पडला आणि ओठाचा एक कोपरा पांढरा झाला. पांढुर्ण्याच्या त्या घरात आम्ही चौघं होतो. सासूबाई, माझे यजमान, लग्नाची नणंद आणि मी. यजमान एका सरकारी कचेरीत बाबू होते. सासऱ्यांच्या मागे घर सासूबाईंच्या शब्दावर चालायचं. त्यांनी कधी आरडाओरडा केला नाही. फक्त एकेक काम माझ्या हातून काढून घेतलं. आधी कणीक, मग लोणच्याची बरणी, मग देवाची फुलं. पाणी भरायला आणि भांडी घासायला माझे हात चालायचे. वाढायला चालत नव्हते.

गल्लीत तेव्हा एकाच घरी टीव्ही होता. रविवारी सकाळी सगळ्या बायका तिथे सतरंजीवर दाटीवाटीनं बसायच्या. मी जाऊन बसले की माझ्या दोन्ही बाजूंना जागा व्हायची. कोणी काही बोलायचं नाही. जरा सरकायच्या, इतकंच. तिसऱ्या रविवारपासून मी गेले नाही, आणि का आली नाहीस असं कोणी विचारलंही नाही.

यजमानांनी मला नागपूरच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टर शांत माणूस होता. त्यानं माझा हात स्वतःच्या हातात घेतला. दीड-दोन वर्षांत माझा हात असा कोणी धरला नव्हता. तो म्हणाला, "हा महारोग नाही. हा कुणाला लागत नाही. एवढं घरी जाऊन सगळ्यांना सांगा." मग त्यानं एक बाटली लिहून दिली. औषध फक्त डागांवर लावायचं, सकाळच्या कोवळ्या उन्हात दोन मिनिटं बसायचं आणि लगेच धुऊन टाकायचं. "घड्याळ लावून दोन मिनिटं," तो यजमानांना म्हणाला. "हे औषध लावल्यावर जास्त ऊन लागलं तर कातडी भाजेल." यजमानांनी ते सगळं खिशातल्या डायरीत कचेरीच्या वळणदार अक्षरात लिहून घेतलं. मी पाहत होते. 'दोन मिनिटं'खाली त्यांनी रेघ मारली होती.

घरी आल्यावर ते सासूबाईंना म्हणाले, "डॉक्टर म्हणते, लागत नाही हे."

सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरच्या घरी पोरगी आहे का लग्नाची?"

ते गप्प बसले. गप्प बसण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

माझे वडील सौसरला मास्तर होते. त्यांनी मला काही शनिवार जामसांवलीच्या मारुतीला नेलं. मी तिथे बसायचे, तीर्थ घ्यायचे आणि वडिलांबरोबर परत यायचे. डाग होते तसेच राहिले, पण तिथे मला कोणी सरकून जागा दिली नाही. तिथे आलेला प्रत्येक जण स्वतःचंच काही घेऊन आलेला होता.

मग नणंदेला सावरगावचं स्थळ आलं. नदीपलीकडचंच गाव. मला आतल्या खोलीत बसायला सांगितलं होतं. पण पाहुणे एक जास्त आले, कप कमी पडले, आणि कप आणायला मी परसातून स्वयंपाकघरात गेले. मुलाची मावशी पाणी प्यायला आत आली होती. तिनं माझे हात पाहिले. चार दिवसांनी निरोप आला, की घरात कोड आहे, आम्हाला जमणार नाही. सासूबाईंनी मला शिवी दिली नाही. त्यांनी माझी पेटी उचलून अंगणात नेऊन ठेवली. ती तिथे तीन दिवस होती. येता-जाता सगळ्यांना दिसायची. नणंद माझ्याकडे पाहून रडायची आणि मग तोंड फिरवून घ्यायची. तिला वाईट वाटत होतं ते माझ्यासाठी की तिच्यासाठी, हे मी कधी ठरवू शकले नाही.

तेव्हाच शेजारचे संत्र्यांचे दलाल राजस्थानातून परत आले. ते दर मोसमात ट्रकबरोबर जायचे. त्यांनी चहाच्या डब्यात मूठभर वाळू आणली होती. पिवळी, मैद्यासारखी बारीक. ओसरीवर बसून त्यांनी सांगितलं, की तिकडे वाळवंटात एक धोरा आहे. धोरा म्हणजे वाळूची टेकडी. एका महात्म्यानं तिथे आयुष्यभर उघड्यावर तप केलं, तिथेच देह ठेवला, आणि त्या वाळूत शक्ती उतरली.

"अनवाणी उभं राह्यलं का पायातून झिणझिण्या येतात," ते म्हणाले. "मी खुद्द उभा राह्यलो ना बाप्पा! अंगावरचे डाग जाते, लकवा जाते. सकाळच्या उन्हात वाळू चोळून बसा लागते, पाच दिवस. पैसा घेत नाही कोणी."

सासूबाईंनी डब्यातली वाळू चिमटीत घेऊन पाहिली. मग यजमानांना म्हणाल्या, "घेऊन जाय इले. गुण आला तं दोघं घरी या. नाही आला तं इले सौसरच्या बसमधी बसवून दे, अन् तू ये."

मी तिथेच उभी होते, पण माझ्याशी त्या बोलतच नव्हत्या.

होळी होऊन गेल्यावर आम्ही निघालो. पांढुर्ण्याहून इटारसी, पुढे आणखी दोन गाड्या, शेवटची छोट्या रुळांची, मग एक बस आणि शेवटी उंटाची गाडी. खरं सांगायचं तर मला त्या प्रवासात आनंद झाला. लग्नानंतर आम्ही दोघंच असे कुठे गेलो नव्हतो. इटारसीला त्यांनी माझ्यासाठी भजी आणली आणि कागद आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला. आम्ही एकाच कागदातून खाल्लं. त्यांच्या ते लक्षातही आलं नसेल. माझ्या आलं.

धोऱ्यावर पोहोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. पायथ्याशी पत्र्याच्या दोन लांब पडव्या, एक विहीर, खेजडीची तीन-चार झाडं आणि वर ती टेकडी. एकही झुडूप नाही. आपल्याकडची काळी माती पायाला धरून ठेवते. ही वाळू पायाखालून निघून जायची. आम्ही वर चढलो. वर जाऊन बसलो आणि मग कोणताच आवाज राहिला नाही. पाखरू नाही, पान नाही. दूरपर्यंत वाळूच्या लाटा होत्या आणि त्यांच्या एका अंगाला सावली पडत होती. माझ्या पायात झिणझिण्या आल्या नाहीत. पण छातीत काहीतरी सैल झालं. मी रडायला लागले आणि मला रडायचं कारण सापडेना. आज इतक्या वर्षांनी मी कोणाशी वाद घालायला बसलेली नाही. तिथे शक्ती आहे की नाही मला माहीत नाही. त्या संध्याकाळी मला वाटलं, आहे.

यजमानांनी माझा हात धरला. पांढरा झालेला तोच हात, उघड्यावर. तिथे आम्हाला कोणी ओळखत नव्हतं.

"बरी होशील तू," ते म्हणाले. "मले आतून वाटून राहिलं."

धोऱ्याची व्यवस्था एक म्हातारा पाहायचा. सगळे त्याला बाबाजी म्हणायचे. पांढरी दाढी, एक डोळा मोतीबिंदूनं गेलेला. मी त्याला लबाड म्हणणार नाही. तो आमच्यासारखीच बाजरीची रोटी खायचा आणि कोणाकडून दमडी घ्यायचा नाही. त्याचा त्या वाळूवर पक्का विश्वास होता. आल्या आल्या त्यानं नियम सांगितला. सकाळी उन्हं वर आली की डागांवर वाळू चोळायची आणि ते अंग सूर्याकडे उघडं ठेवून बसायचं, सूर्य डोक्यावर येईपर्यंत. पाच दिवस कोणतंही औषध नाही. औषध लावलं तर वाळू रुसते.

पहिल्या सकाळी पडवीच्या मागे यजमानांनी पिशवीतून नागपूरची बाटली काढली. मला माहीत नव्हतं त्यांनी ती बरोबर घेतली आहे.

"बाबाजी नाही म्हणून राहिले ना औषधाले," मी म्हणाले.

"त्याले कायले सांगतो आपण? दोन्ही करू. दुप्पट गुण येईल."

"डॉक्टर दोन मिनिटं म्हणले होते. भाजते म्हणले होते."

"तो नागपुरात बसून बोलून राहिला होता. इथली गोष्ट वेगळी आहे. पाचच दिवस आहेत आपल्यापाशी. हात कर इकडे."

मी हात पुढे केले. याचा दोष मी त्यांच्या एकट्याच्या माथी मारू शकत नाही. पाचच दिवस आहेत हे मलाही माहीत होतं. अंगणातली पेटी मीही पाहिली होती. त्यांनी कापसाच्या बोळ्यानं डागांवर औषध लावलं, फार काळजीनं, एकही डाग न सोडता. मान, ओठाचा कोपरा, पाय. मग मी टेकडीवर जाऊन बसले, वाळू चोळली आणि हात उन्हाला धरले. दोन मिनिटं झाली. मग तास झाला. मग दोन.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या संध्याकाळी डाग गुलाबी झाले. आतून हुळहुळत होते, कपड्याचा स्पर्श नको वाटायचा. यजमानांनी माझा हात पाहिला आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला.

"पाह्य! पाह्य नं! रंग येऊन राहिला!"

ते मला बाबाजीकडे ओढत घेऊन गेले. बाबाजीनं एका डोळ्यानं निरखलं, हात जोडले आणि धोऱ्याकडे तोंड करून डोकं टेकवलं. पडवीतली माणसं गोळा झाली. वीसेक असतील, कोणाला कोड, कोणाचा हात लुळा. सगळे माझ्या हातांकडे बघत होते. दोन वर्षांत माझ्या हातांकडे बघून कोणी खूश झालं नव्हतं. मला ते आवडलं. आग होत होती, तरी आवडलं.

तिसऱ्या सकाळी नवी माणसं आली. त्यांच्यात एक मुलगी होती, अठरा-एकोणीस वर्षांची, वडिलांबरोबर. तिच्या पापण्या आणि दोन्ही हातांची बोटं पांढरी झाली होती. लग्न ठरलं होतं. मुलाकडच्यांना अजून कळलं नव्हतं. महिनाभरात बरी केली नाही तर बाप कुठे तोंड दाखवणार, असं तो सगळ्यांना सांगत होता, मुलीच्या समोर. ती मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत होती.

बाबाजीनं मला पुढे बोलावलं. "बोल बेटी, तुला काय झालं ते."

मी बोलले नाही. यजमान बोलले. आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांनी सांगितलं, की दोन दिवसांत डाग लाल झाले, अशी ताकद कुठे पाहिली नाही. बाटलीबद्दल ते बोलले नाहीत. मग ती मुलगी माझ्याजवळ आली. तिनं माझे हात निरखले आणि हळूच विचारलं, "दीदी, सच में फरक पड़ता है?"

मला तेव्हा माहीत होतं. सकाळपासून डाग ठणकत होते, मानेवरचा तर धडधडत होता. मी चुलीवर दोनदा भाजलेली बाई, भाजणं म्हणजे काय ते मला कळत होतं. डॉक्टरचा शब्द माझ्या कानात होता.

"हाँ," मी म्हणाले. "पड़ता है।"

ती हसली. तिच्या बापानं मला हात जोडले. त्या दिवशी मुलगी माझ्या शेजारीच उन्हात बसली. तिला वाळू नीट चोळता येत नव्हती, म्हणून मी चोळून दिली.

चौथ्या दिवशी पहाटे मी उठले तेव्हा माझी बोटं मिटत नव्हती. डागांच्या जागी फोड आले होते, द्राक्षाएवढे, पाण्यानं भरलेले. पायांवर, हातांवर. मानेवरचा फुटून पदराला चिकटला होता. ओठ सुजून एका बाजूला लोंबत होता. मी ओरडले. सगळी पडवी जागी झाली.

बाबाजी आला. त्यानं वाकून माझे हात पाहिले, वास घेतला आणि विचारलं, "औषध लावलं होतं?"

मी यजमानांकडे पाहिलं. ते माझ्या उशाशी उभे होते, अंगात बनियन, केस विसकटलेले. मला वाटलं, आता सांगतील.

"मले... मुझे नहीं मालूम," ते म्हणाले. "इसने लगाया होगा। औरत की जात, सुनती नहीं।"

बाबाजीनं मान हलवली. तो रागावला नाही, त्याला दुःख झालं. तो म्हणाला की वाळूला फसवलं, वाळूनं शिक्षा दिली, आता हिला घेऊन जा. माणसं मागे सरकली. सरकण्याची ती रीत मला ओळखीची होती. यजमान पिशवी भरायला लागले. बाटली त्यांनी स्वतःच्या धोतरात गुंडाळून तळाशी घातली. मी पाहत होते आणि त्यांना ते माहीत होतं.

ते उंटाची गाडी ठरवायला गेले तेव्हा ती मुलगी आली. सगळे लांब होते, ती एकटी आली. विहिरीचं गार पाणी तिनं आणलं होतं. तिनं माझे हात मांडीवर घेतले आणि ओंजळीनं थेंब थेंब पाणी घातलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मग तिनं विचारलं, "दीदी, आपने दवा लगाई थी न? इसीलिए हुआ न?"

पहिल्यांदा मी खोटं बोलले तेव्हा लोक होते, बाबाजी होता, नवरा होता. या वेळी कोणी नव्हतं. ही एकटीच माझ्याजवळ आली होती आणि माझे हात तिच्या मांडीवर होते. मी सांगू शकत होते की वाळूनं काही होत नाही. पोरी, उन्हात बसू नकोस, बापाला घेऊन शहरात जा, तिथे डॉक्टर आहेत, हे लागत नाही, हा महारोग नाही. एवढं सगळं मला ठाऊक होतं आणि ते सांगायला एक मिनिट लागलं असतं.

तिची मान, तिचे गाल, सगळं सुंदर होतं. फक्त पापण्या आणि बोटं. माझ्या मनात आलं, ही का सुटावी?

"हाँ," मी म्हणाले. "दवा की वजह से। तू दवा मत लगाना। तू पूरे पाँच दिन बैठ।"

तिनं मान डोलावली. थोड्या वेळानं उन्हं वर आली आणि ती टेकडीवर जाऊन बसली. आमची गाडी निघाली तेव्हा ती मला दिसत होती, दोन्ही हात पुढे धरलेले, तोंड सूर्याकडे, डोळे मिटलेले. त्या पांढऱ्या पापण्या उन्हाला उघड्या होत्या.

परतीच्या प्रवासात माझ्या हातांना ओल्या फडक्यांच्या पट्ट्या होत्या. यजमान मला भरवायचे. भाताचा घास करून तोंडापाशी धरायचे, सुजलेल्या ओठाला लागू नये म्हणून दुसऱ्या बाजूनं. एका स्टेशनवर, कोणतं ते आता आठवत नाही, मी विचारलं, "तुम्ही असं कावून म्हणले तिथं?"

त्यांनी माझ्या हातावरची पट्टी पुन्हा ओली केली.

"सगळे पाहून राहिले होते माह्याकडे," ते म्हणाले.

पांढुर्ण्याच्या घरी सासूबाईंनी दारातच पट्ट्या सोडायला लावल्या. पाहिलं आणि म्हणाल्या, "पह्यले निदान दूरून दिसत नव्हतं." मी तिथे चार दिवस होते. दवाखान्यात मलमपट्टी झाली. पुढे फोड सुकल्यावर खालची कातडी काही ठिकाणी काळपट आली, काही ठिकाणी आधीपेक्षा पांढरी. हातांवर नकाशे उमटल्यासारखं झालं. पाचव्या दिवशी यजमानांनी मला सौसरच्या बसमध्ये बसवून दिलं. नणंदेचं लग्न होईपर्यंत राहा, मग घ्यायला येतो, म्हणाले. पेटी टपावर चढवताना त्यांनी कंडक्टरला दोनदा सांगितलं, की नीट ठेव, आत काच आहे. आत काच नव्हती. मग बस सुटली.

माझे हात पाहून वडील अंगणात गेले आणि संध्याकाळपर्यंत आत आले नाहीत.

नणंदेचं लग्न त्या वर्षीच झालं, अमरावतीकडच्या मुलाशी. आम्हाला पत्रिका आली नाही. लग्नानंतर सौसरच्या बाजारात मला बांगड्या भरणारी कासारीण भेटली. ती पांढुर्ण्याची होती, मला ओळखायची. मला पाहून तिनं टोपली खाली ठेवली.

"अवं माय, तू जिवंत आहेस?"

मी हसले. मला वाटलं, थट्टा करते आहे.

"लग्नघरी तं सांगून राहिले होते," ती म्हणाली, "सून मागच्या सालीच गेली म्हणून. मुलाकडच्यायनं विचारलं ना, भावाची बायको कुठे आहे? तुही सासू रडली पण बाई. अन् तुहा नवरा मांडवात खाली मान घालून बसला होता. सगळे म्हणत होते, बिचारा, एवढ्या कमी वयात."

मी तिच्याकडून बारा बांगड्या भरून घेतल्या. हिरव्या. तिनं माझ्या हातांकडे न पाहता भरल्या. घरी जाऊन मी वडिलांना काही सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी यजमान मला न्यायला आले. नवा सदरा, हातात संत्र्यांची पिशवी. ओसरीवर बसले, वडिलांच्या पाया पडले आणि मला म्हणाले, "चाल. झालं आता सगळं."

"मेलेल्या बाईले कुठं नेता?" मी विचारलं.

त्यांचा चेहरा पांढरा पडला. वडिलांना काही कळलं नाही, ते आमच्या दोघांकडे पाहत राहिले. मग मी सगळं सांगितलं, वडिलांसमोर. बाटली, वाळू, बाबाजीसमोरचं बोलणं, मांडव. यजमानांनी एकही गोष्ट नाकारली नाही. ते ओसरीवरच बसून राहिले. वडिलांनी त्यांना हाकललं नाही आणि आत बोलावलंही नाही. शेवटच्या बसच्या वेळी ते उठले आणि पिशवी तिथेच ठेवून गेले.

मी सौसरला शिवणकाम शिकले. हातांवर डाग होते, पण सुई डाग पाहत नाही. शाळेच्या मुलींचे फ्रॉक शिवायचे, आणि ज्या बाया माझ्या हातचं पाणी प्यायच्या नाहीत त्या माझ्या हातचं शिवलेलं अंगावर घालायच्या. यजमान दर शनिवारी यायचे. मी बोलायचे नाही. मला त्यांना बसवून ठेवायला आवडायचं. उन्हाळ्यात ओसरीवर दुपारचं ऊन यायचं, ते तिथे घामानं निथळत बसायचे, आणि मी आत मशीन चालवत राहायचे. असं दोन वर्षं चाललं. मग एक दिवस ते ट्रंक घेऊन आले. त्यांनी सौसरला बदली मागून घेतली होती. आईशी भांडून आले होते. आयुष्यात पहिल्यांदाच. मी त्यांना घरात घेतलं. दया म्हणून नाही. माझे वडील थकले होते, आणि मी त्यांच्यामागे एकटी राहिले तर लोक काय करतात ते मी पाहिलेलं होतं.

आम्ही बाजारामागे दोन खोल्या घेऊन राहिलो. ते चांगले वागले. पाणी भरायचे, कचेरीतून आल्यावर काजं करायला, बटणं लावायला बसायचे. माझ्या हातावर जास्त ऊन पडू नये म्हणून त्यांनी मशीनसमोरच्या खिडकीला जाड पडदा शिवून घेतला. माणूस बदलत नाही असं मी म्हणणार नाही.

एका संध्याकाळी ते माझ्या हाताला खोबरेल लावत होते. डागांच्या कडांवरून बोट फिरवत म्हणाले, "मी त्या दिवशी खरं बोललो असतो तं बरं झालं असतं."

मग मी त्यांना त्या मुलीचं सांगितलं. पाणी घालायला आली होती ते, तिनं काय विचारलं ते, मी काय म्हणाले ते. माझ्या मनात काय आलं होतं तेही सांगितलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ दे, तू दुखण्यात होतीस.

त्यांचा हात थांबला.

"तुले माहीत होतं," ते म्हणाले. "अन् तुनं तिले बसवलं."

"हाव."

"तिनं तुले पाणी पाजलं होतं ना?"

"हातावर घातलं होतं."

ते उठले. तेलाची वाटी फळीवर ठेवली, हात पुसले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मला फार राग आला. या माणसानं मला हजार कोस दूर सगळ्यांसमोर खोटं पाडलं, जिवंतपणी मला मारून मांडवात बसला, आणि हा माझ्याशी बोलत नाही! तिसऱ्या दिवशी मी ताट वाढून जोरात आपटलं आणि विचारलं, "तुम्ही मले शिकवता?"

"नाही," ते म्हणाले. "मी भेलो होतो. तू भेली नव्हतीस."

ते जेवायला बसले. मीही बसले. पुन्हा तो विषय आमच्यात कधी निघाला नाही. पुढची वीस वर्षं आम्ही एकत्र काढली, चांगली काढली असंच लोक म्हणतील. पण त्या दिवसापासून ते माझ्याकडे कधीकधी असे पाहायचे, की मी हातातलं काम टाकून दुसऱ्या खोलीत जायचे. ते गेले तेव्हा सासूबाई आधीच गेलेल्या होत्या. नणंद आली होती. तिच्या सासरची माणसं मला पाहून एकमेकांकडे बघत होती. तिनं त्यांना काय सांगितलं ते मी विचारलं नाही.